पहिल्या पातीत काय सापडले

तार आली तेव्हा मी फराळाची यादी करत होते. शाळेला दिवाळीची सुटी लागून दोन दिवस झाले होते. माझे सासर आणि माहेर दोन्ही अमरावतीतच, त्यामुळे दोन्ही घरांची यादी दरवर्षी माझ्याकडेच असे. मुलींच्या शाळेत शिकवायचे, घरचे पाहायचे, आणि जे लक्षात ठेवायचे ते कागदावर उतरवायचे, अशी माझी पहिल्यापासून पद्धत. बाबा तार हातात घेऊन माहेरच्या ओट्यावर उभे होते. त्यांनी ती दोनदा वाचली आणि माझ्याकडे दिली.

माझा धाकटा भाऊ विमानदलात वैमानिकाचे शिक्षण घेत होता. त्याच्या विमानाला अपघात झाला होता, तो जिवंत होता आणि अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात होता. तारेत इतकेच होते.

आई देवासमोर जाऊन बसली. बाबांचे पाय संधिवाताने धरलेले. मी फराळाचा कागद उलटा केला आणि मागे लिहू लागले: दोन धोतरे, जुन्या लुगड्याच्या घड्या, पितळी तांब्या, मेतकूट, लिंबे, दाढीचे सामान. बाबा म्हणाले, "दाढीचं कशाला?"

"तो तीन दिवस दाढी न करता राहिला तर त्याला वाटेल आपण फार आजारी आहोत," मी म्हणाले. खरे म्हणजे मला यादी संपवायची नव्हती.

पहाटेच्या गाडीने बडनेऱ्याहून निघाले आणि सकाळी अकोल्याला उतरले. दवाखान्यात भावाचा डावा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये, कपाळाला टाके. मला पाहून तो हसला नाही. म्हणाला, "ताई, तो गेला."

तो म्हणजे त्याचा मित्र. दोघे अमरावतीला एकाच कॉलेजात, एकाच वर्षी विमानदलात निवडले गेलेले. मित्र अंजनगाव सुर्जीचा, पानमळेवाल्या शेतकऱ्याचा एकुलता एक मुलगा. सुटीत आमच्या घरी यायचा तेव्हा केळीच्या पानात बांधलेला विड्याच्या पानांचा पुडा आणायचा आणि वकिली करणाऱ्या बाबांशी खटल्यांवर वाद घालायचा.

झाले ते भावाने मला तुकड्यातुकड्याने सांगितले. शिकवायची ती विमाने जुनी होती, लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेली, पंख एकावर एक दोन मजली आणि मधे दांड्या व तारा. लांबच्या उड्डाणाचा सराव चालला होता. तीन विमाने, पुढे शिक्षकांचे, मागे डावीकडे मित्राचे, त्याच्या उजवीकडे थोडे मागे भावाचे. अकोल्याच्या धावपट्टीवर उतरून तेल भरले, आणि सकाळी नऊच्या सुमारास बाळापूरच्या दिशेने उडाले. आपल्याच भागावरून उडायचे म्हणून दोघे खुशीत होते. दहा मिनिटे झाली नाहीत तोच दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली. भाऊ हवाई छत्रीने एका बाभळीवर उतरला. मित्राला बाहेर पडता आले नाही. त्याचे विमान नाल्याकाठी पडले आणि जळाले.

"आदळली कशी?" मी विचारले.

"तेच तर आठवत नाही. समोर त्याचं विमान होतं, पुढच्या क्षणी सगळीकडे कापडाच्या चिंध्या. मधलं काहीच नाही. ताई, अंतर राखणं मागच्याचं काम असतं. मागे मी होतो."

त्या दिवशी दुपारी मित्राचे वडील आले. मुलाचे सगळे उरकून, मोर्णा नदीत अंघोळ करून ते सरळ आले होते. धोतराचा काठ अजून ओला होता. सुतक असल्यामुळे ते आत आले नाहीत. दुखणेकऱ्याला विटाळ नको म्हणून दारातच उभे राहिले आणि तिथूनच बोलले.

"बाबू, पाय लय दुखून रायला काय?"

"नाही काका."

"मले एकच इचारायचं होतं. तो पुढच्या इमानातला साहेब मनत होता, मले मागचं काई दिसलं नाई, पन दोघातल्या कोनीतरी चाळे केले असन. घरच्या भागात आले, त दाखवाले इमान वाकडंतिकडं केलं असन. माह्या पोराची चूक होती काय?"

भावाने कोपरावर रेलून उठायचा प्रयत्न केला.

"मी रागावत नाई," ते म्हणाले. "त्याची असन त त्याची. पन मले ठाव पायजे. त्याच्या मायले मी काय सांगू?"

"काका, मला आठवत नाही," भाऊ म्हणाला.

त्यांनी मान हलवली. वहाणा घातल्या आणि गेले. त्यांच्या मनात काय आले असेल ते मला तिथे बसल्या बसल्या कळले. हा पोरगा स्वतःला वाचवतो आहे, की माझ्या पोराला? भाऊ भिंतीकडे तोंड करून पडला. संध्याकाळी म्हणाला, "मी राजीनामा देणार. जे मला आठवत नाही ते माझ्याच हातून झालं असेल, असं धरून चालायचं."

मी म्हणाले, "आधी दाढी कर."

दुसऱ्या दिवशी चौकशीचे अधिकारी आले. दक्षिणेकडचे, उंच, हिंदी अडखळत बोलणारे. ते घटनास्थळावरूनच आले होते आणि भयंकर चिडलेले होते. भावाला काही विचारायच्या आधी मलाच म्हणाले, "मॅडम, यह क्या किया आप के लोगों ने? सब साफ कर दिया!"

त्याचा अर्थ असा होता. विमाने हवेत मोडली की त्यांचे तुकडे पडत जातात. आधी मोडलेले आधी पडते, नंतरचे पुढे. कोणता तुकडा कुठे पडला हे पाहिले की कोणाचे काय आधी मोडले ते समजते. म्हणून तुकड्यांना कोणी हात लावायचा नसतो. पण तारेवर तारा होऊन ते पोचेपर्यंत दोन दिवस गेले होते. तोवर गावाने सगळे तुकडे वेचून वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक व्यवस्थित गंजी रचून ठेवली होती. कापडाचे तुकडे घडी करून, लाकडे एका बाजूला, लोखंड दुसऱ्या बाजूला. वावरात एक खिळासुद्धा उरला नव्हता. आता काही सिद्ध होणार नाही, असे अधिकारी म्हणाले, आणि असे झाले की सहसा वाचलेल्याकडे बोट जाते, नाहीतर मेलेल्याकडे.

मी त्यांना विचारले, "वेचलं कोणी?"

"औरतों ने. कपास चुनने वाली."

मी म्हणाले, "मग मला उद्या तिथे घेऊन चला."

मी शेतकऱ्याच्या घरची नव्हे, पण वऱ्हाडात वाढलेली माणसे कापूस कसा वेचतात एवढे जाणतात. वेचणाऱ्या बाया वावरात कशाही शिरत नाहीत. धुऱ्यावर रांगेत उभ्या राहतात आणि प्रत्येकीला आपली पात असते, म्हणजे तिच्या वाट्याच्या तासांचा, पिकाच्या ओळींचा, पट्टा. या टोकापासून त्या टोकापर्यंत ती तिच्याच पातीतून वेचत जाते. दुसरीच्या पातीत हात घातला तर भांडण होते. जिने कापूस पातीपातीने वेचला, तिने विमानही पातीपातीनेच वेचले असणार. हे मी अधिकाऱ्यांना सांगितले. त्यांना निम्मेच समजले, पण दुसरा काही मार्ग नव्हता.

निघताना भाऊ म्हणाला, "ताई, वही नेतेस ना? जे निघेल ते लिही. माझं नाव निघालं तरी."

"मी कधी खोटं लिहिलंय का?"

"माझ्या आठवीच्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही तूच केली होतीस."

तो जरासा हसला. पहिल्यांदाच.

विमानदलाच्या जीपमधून आम्ही निघालो. बाळापूरच्या अलीकडे रस्ता सोडून गाडीवाटेने आत गेलो. वावर मोठे होते, काळ्या जमिनीचे, पऱ्हाटी कमरेएवढी आणि कापूस फुटलेला. पूर्वेच्या धुऱ्यावर कडुलिंबाखाली ती गंजी होती. तिच्यापुढे द्रोणात दहीभात ठेवलेला, वाळून गेलेला.

बाया जमल्या, चौदाजणी. त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्क बाईंना सगळ्या मोठीमाय म्हणत होत्या. त्यांच्याशीच मी बोलायला लागले. अधिकारी रागावले आहेत हे सांगताच त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काहून रागावला तो? आमी काय चोरलं त्याचं?"

"चोरलं नाही हो. पण जिथे पडलं तिथे राहू द्यायला हवं होतं."

"वा गं बाई! मानूस गेलं अन् त्याचं सामान पायाखाली येऊ देवाव? त्या दिवशी आमची सीतादही होती. पयल्या वेचनीचा दिवस. दहीभात ठेवून पाया पडलो अन् वेचाले लागलो, त डोक्यावर कडाड्‌दिशी आवाज. अशे तुकडे पडले जसा पाऊस. आमी त्या झाडावरच्या पोराले उतरवलं, तुराट्या लावून त्याचा पाय बांधला, बैलबंडीत टाकून पाठोलं. मंग कापूस वेचाव का? त्याचंच सगडं वेचलं. साहेब येनार मने, त घरी पाव्हना येनार अन् आंगन झाडाव नाई का?"

झाडावरचा पोरगा माझा भाऊ, असे मी सांगितले. मग सगळ्यांचा सूर बदलला. एकजण म्हणाली, "तुमचा भाऊ मोठा शिवराळ हाये हो! पाय धरला त काय काय बोलला."

"इंग्रजीत?"

"मराठीत. आमच्याच भाषेत. म्हून त समजलं का हा आपलाच हाये."

सगळ्या हसल्या. त्या हसण्यानंतरच काम सुरू झाले.

मी त्यांना म्हणाले, त्या दिवशी जशा उभ्या होत्या तशा धुऱ्यावर उभ्या राहा. त्या लगेच उभ्या राहिल्या, कुठेही घोळ नाही. तासे दक्षिणोत्तर होती आणि विमाने पूर्वेकडून पश्चिमेकडे गेलेली, त्यामुळे पहिली पात सगळ्यात पूर्वेची, म्हणजे विमानांनी आधी ओलांडलेली. मी वहीत चौदा पाने आखली, एका पातीला एक पान. प्रत्येक पानावर तीन रकाने: काय सापडले, पातीच्या कोणत्या भागात, आणि तिसरा, उचलले पण गंजीवर टाकले नाही असे काही. तिसऱ्या रकान्याचा अर्थ मी सांगितला तेव्हा अधिकारी म्हणाले, "कौन बताएगा?"

मी म्हणाले, "विचारलं नाही तर कोणीच नाही."

गंजीतला एकेक तुकडा उचलून मी रांगेसमोरून नेत गेले. "हे माहं," एखादी म्हणे. "माह्या पातीत, त्या मोठ्या तुरीजवळ. पराटीवर अटकलं होतं." दुसरी म्हणे, "नाई गं, तुहं ते लांबडं होतं. हे माहं." मोठीमाय निकाल देत. मी तुकड्याला शाळेतल्या चिठ्ठीसारखी चिठ्ठी दोऱ्याने बांधत होते आणि अधिकाऱ्यांचे दोन जवान तो नेऊन त्या जागी ठेवत होते. दुपार होईपर्यंत वावरात विमान बरेचसे परत पसरले.

तिसऱ्या रकान्यात सुरुवातीला कोणी काही सांगेना. मी वही मिटली आणि म्हणाले, "हे साहेबांना वाचता येत नाही. मी कोणाचं नाव लिहीत नाही, फक्त पातीचा आकडा लिहिते." मग एकीने कमरेला खोचलेला चकचकीत स्क्रू काढला. लेकराला खेळायला ठेवला होता. दुसरीने चामड्याचा पट्टा दिला. तिसरी घरी जाऊन एक कापड घेऊन आली, पिठाच्या डब्यावर बांधायला नेलेले. मोठीमायने कपाळाला हात लावला. "तुमाले लाज नाई? मेलेल्याच्या वस्तूनं पीठ झाकता?" मग जरा थांबून स्वतःच लुगड्याच्या पदरातून एक लहान गोल काच काढली. "चांगली दिसली, म्हून..." आता सगळ्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या, त्याही हसल्या.

माझे हसू फार वेळ टिकले नाही. पहिल्या तीन पातींची पाने रिकामीच होती. चौथ्या पातीत पहिला तुकडा आला: पंखाच्या टोकाचे वाकडे लाकूड आणि त्यावरचे कापड. कापडावर विमानाचा आकडा अर्धवट होता. तो भावाच्या विमानाचा आकडा होता. पाचव्या पातीत परत भावाचेच. मित्राच्या विमानाचे काही सहाव्या पातीच्या आधी नव्हते.

अधिकाऱ्यांनी मला सांगायची गरज नव्हती. आधी मोडले भावाचे विमान. म्हणजे तो पुढे जाऊन मित्राला लागला, असा अर्थ निघू शकत होता. मी पेन्सिल हातात धरून त्या पानाकडे पाहत उभी राहिले. चौथीच्या जागी सातवी लिहिले असते तर कोणाला कळणार होते? जागा बायांना ठाऊक, मराठी मला ठाऊक, साहेबांना दोन्ही नाही. पण तुकडा चौथ्या पातीत ठेवून जवान परतत होता, आणि मी चौथीच लिहिले. हे मी फार मोठे काही केले म्हणून सांगत नाही. खोटी यादी मला करताच येत नाही, हाताला वळण नाही.

उरला होता एकच रकाना, पहिल्या पातीचा तिसरा. पहिल्या पातीला एक तरुण सून होती, पाचवा महिना लागलेली. पहिल्यांदा विचारले तेव्हा तिने मान हलवली होती. "माह्या पातीत काईच नोतं." आता मी परत विचारले, कारण तिसरा रकाना प्रत्येकीला विचारायचा असे ठरवले होते.

ती म्हणाली, "काईच नाई."

शेजारच्या, दुसऱ्या पातीची बाई म्हणाली, "मंग तू दुपारी नाल्यावर जाऊन डोक्यावरून पानी काहून घेतलं? भर कामात?"

"चूप राय वं!"

"मी काई नाई मनत. मास्तरीनबाई इचारून रायल्या म्हून सांगतो."

सून रडायला लागली. मोठीमाय तिच्याजवळ गेल्या. ती त्यांचीच नातसून होती, हे मला तेव्हा समजले. त्या तिच्याशी हळू बोलल्या, मग माझ्याकडे वळल्या. आता त्यांच्या आवाजातला तोरा गेला होता.

"बाई, मीच तिले मनलं होतं का सांगू नको. तिच्या पातीत गिधाड पडलं होतं. मेलेलं. एवढं मोठं. पोटुशी बाई, पयल्या वेचनीच्या दिवशी, पातीत गिधाड! लोकं काय मनतीन? अन् त्या पोराच्या सामानात ते घान कसं ठेवाव? मी तिले मनलं, नाल्यात टाक, वर गोटे ठेव, आंघोड कर अन् मुकी राय."

मी अधिकाऱ्यांना सांगितले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ते मी आजवर विसरले नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि इतकेच विचारले, "कहाँ?"

नाला जवळच होता. सून पुढे, तिचा हात धरून मोठीमाय, मागे आम्ही सगळे. तिने बाभळीच्या काट्या आणि मोठे गोटे दाखवले. म्हणून कुत्र्यांना ते नेता आले नव्हते. वास असह्य होता. जवानांनी गोटे काढले. भले मोठे गिधाड, एक पंख खांद्यापासून साफ कापलेला, चाकूने कापावा तसा. छातीत वीतभर लाकूड घुसलेले, गुळगुळीत, रोगण दिलेले, कडेला पितळेची पट्टी. विमानाच्या पुढच्या फिरत्या पंख्याचा तुकडा.

"कोणाच्या?" मी विचारले.

अधिकारी म्हणाले, पाहू. परत वावरात आलो. भावाच्या विमानाचा पंखा तीन तुकड्यांत सापडलेला होता, नवव्या, दहाव्या आणि अकराव्या पातीत. जवानांनी ते तुकडे जमिनीवर जुळवले. ते एकमेकांना बरोबर बसले, मधे कुठेही जागा उरली नाही. गिधाडाच्या छातीतले लाकूड त्यात बसायला जागाच नव्हती. ते मित्राच्या विमानाचे होते.

अधिकारी कडुलिंबाखाली बसले आणि त्यांनी माझ्या वहीतल्या कोऱ्या पानावर काढून दाखवले. गिधाड मित्राच्या पंख्याला धडकले. पंखा मोडला, विमान झटक्याने वर उचलले जाऊन उजवीकडे फेकले गेले. उजवीकडे भाऊ होता. त्याच्या पंखाचे टोक आधी तुटले, म्हणून चौथ्या पातीत ते आधी पडले. त्याला चुकवायला वेळ नव्हता आणि मित्राच्या हातात विमान नव्हते. "दोनों लड़के सीधे जा रहे थे," ते म्हणाले. दोघेही सरळ चालले होते. नक्की काय ते चौकशी पूर्ण झाल्यावरच सांगता येईल, असेही म्हणाले, पण गिधाडाला हात लावणाऱ्या जवानांना त्यांनी हातमोजे घालायला सांगितले, नीट बांधून घ्यायला सांगितले, आणि स्वतः मोठीमायपुढे हात जोडले.

मोठीमाय मला म्हणाल्या, "साहेब रागावला नाई?"

"नाही. तो म्हणतो, तुमच्या नातसुनेनं गोटे ठेवले म्हणून बरं झालं."

त्यांनी सुनेकडे पाहिले. "पाय. मी मनत होती ना तुले, नीट ठेव मनून."

सून डोळे पुसत म्हणाली, "तुमी मनलं होतं का मुकी राय."

अकोल्याला पोचले तेव्हा भेटीची वेळ संपत आली होती. भावाने माझ्याकडे हात पुढे केला. मी वही दिली. त्याने चौथे पान पाहिले आणि तोंड पांढरे पडले. मी म्हणाले, "पहिलं पान वाच. याद्या पहिल्या पानापासून वाचायच्या असतात."

त्याने वाचले. बराच वेळ वाचत राहिला, पानावर तीन ओळी होत्या तरी. मग तो रडला, पहिल्या दिवसापासून रडला नव्हता तसा, आणि मी त्याला रडू दिले. नंतर म्हणाला, "मला आता आठवतंय असं वाटतं. काहीतरी काळं." मग लगेच म्हणाला, "नाही. आठवत नाही. उगीच म्हणत होतो." ते ऐकून मला बरे वाटले.

"काकांना मी पत्र लिहू?" मी विचारले.

"नाही. मी जाईन. चालायला लागलो की."

चौकशीचा निकाल संक्रांतीनंतर कागदावर आला. अधिकाऱ्यांनी कडुलिंबाखाली सांगितले तेच त्यात होते. दोन्ही शिकाऊ वैमानिकांचा दोष नाही. भावाच्या पायाचे प्लास्टर सुटले, पुढे तपासणी झाली आणि त्याला परत उडायला घेतले, पण ते नंतरचे. आधी आम्ही अंजनगावला गेलो, होळीच्या आधी, एसटीने. तो कुबडी घेऊन आणि मी त्याच्या कुबडीवर नजर ठेवून.

मित्राचे घर गावाच्या टोकाला होते, मागे पानमळा. वडील बाहेरच बसले होते. या वेळी दारातून बोलणे नव्हते, भाऊ सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. म्हणाला, "काका, तुम्ही विचारलं होतं. त्याची चूक नव्हती. माझीही नव्हती. गिधाड लागलं." मग त्याने सगळे सांगितले, पातीपातीने, बायांसकट. मी निकालाची नक्कल आणि वही दोन्ही नेली होती. काकांनी नक्कल बाजूला ठेवली आणि वही उघडून पहिल्या पातीचे पान बोटाने वाचले.

"गिधाड," ते म्हणाले. "एवढ्या मोठ्या आभायात."

दाराच्या आत त्यांची बायको उभी होती, पदर घेऊन. ती सगळे ऐकत होती. काकांनी मागे वळून न पाहता विचारले, "आयकलं काय?"

"आयकलं."

मग काकांनी भावाला बाजेवर बसवले, कुबडी आपल्या हाताने भिंतीला लावली आणि म्हणाले, "आता सांग बाबू. त्याले जमत होतं काय इमान चालोनं?"

दवाखान्याच्या दारात त्यांना हे विचारता आले नव्हते. चूक कोणाची हे ठाऊक नसताना मुलाचे कौतुक कोणत्या तोंडाने ऐकायचे?

"माझ्यापेक्षा चांगलं," भाऊ म्हणाला. "मी उतरताना तीनदा उसळायचो. तो पहिल्या दिवसापासून गादीवर ठेवावं तसं उतरवायचा. शिक्षक म्हणायचे, तुला कोणी शिकवलं? तो म्हणायचा, बापाची बंडी वेलींना धक्का न लावता मळ्यातून काढतो मी."

काका एकदम मोठ्याने हसले. "खोटं! दोनदा बंडी घातली त्यानं येलात. अख्खी ओळ झोपोली."

"मंग जेवत होता काय तिथं बराबर?" आतून आवाज आला.

"काकू, त्याच्या ताटात दोनदा भात असायचा. माझा सुद्धा खायचा."

काकू दाराबाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली. भाऊ बोलत राहिला. पहिल्यांदा एकट्याने उडालेला दिवस, मेसमधला रस्सा, धुक्यात चुकलेली दिशा, मित्राने रेडिओ उघडून बिघडवला ती गोष्ट. काका मधेच टोकत, काकू "अन् मंग?" म्हणत. दोनच्या एसटीने परतायचे असे मी वहीत लिहिले होते. दोन वाजले तेव्हा भाऊ दोन्ही हात पसरून विमान कसे वळते ते दाखवत होता, आणि काका त्याच्यासमोर बसून, तसेच हात पसरून, विचारत होते, "असं? का असं?"